राखीव शब्द

भूपाल मगदूम शिव्या देत नसे. ज्याने बावीस वर्षं फौंड्रीत काढली त्या माणसाबद्दल हे सांगितलं तर कोल्हापुरात कुणाला पटणार नाही, पण ते खरं होतं. घरचं वळणच तसं होतं. वडील रोज सकाळी जैन बस्तीत पूजेला जाणारे, आई पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारी. त्या घरात 'गाढवा'च्या पलीकडे कुणाची मजल गेली नव्हती. डिप्लोमा करून भूपाल भट्टीवर सुपरवायझर म्हणून लागला, तेव्हा पहिल्या आठवड्यात कानांवर जे पडलं त्याने त्याला जेवण जाईना. पुढे कान निर्ढावले. तोंड मात्र निर्ढावलं नाही, आणि याचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता.

भट्टीचा मुख्य माणूस केरबा कुंभार भूपालच्या अगदी उलट. केरबातात्याचं वाक्य शिवीशिवाय सुरू होत नसे आणि सुरू झालंच तर शिवीशिवाय संपत नसे. सकाळी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं तो आईबापांसकट स्वागत करायचा, आणि ज्याला वगळलं तो दिवसभर विचारत फिरायचा की तात्या माझ्यावर रागावलाय का. भूपालपेक्षा तो तेरा वर्षांनी मोठा. लोखंड किती तापलंय हे तो रंगावरून सांगायचा आणि मग मीटर बघून सुपरवायझर मंडळी मान डोलवायची. भूपालला काम खरं त्यानेच शिकवलं. डिप्लोमावाल्याने ते कधी मोठ्याने कबूल केलं नाही, पण तात्याला त्याची पर्वाही नव्हती.

या सगळ्या शिव्यांतून तात्याने एक शब्द बाजूला काढून ठेवला होता. भाड्या. बाहेर हा शब्द कुणीही कुणालाही म्हणतो, पण त्या भट्टीवर तो थट्टेत चालत नसे, भांडणातही चालत नसे. जिवावर बेतलं तरच ओरडायचा. तात्याच्या उस्तादाच्या वेळेपासूनची ही पद्धत होती. भट्टीच्या घरघरीत साधी हाक विरून जाते, हा शब्द मात्र थेट पोटातून निघतो आणि शेवटी हवा तेवढा ताणता येतो. तो कानावर पडला की हातातलं टाकायचं आणि दोन ढांगा मागे उडी मारायची. कोण ओरडलं, कुणाला ओरडलं, हे वळून बघायचं नाही. "आदी माघारी, मग इचारायचं," हे तात्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचा. एकदा साचे भरणाऱ्या एका मोल्डरने चहाच्या वेळी गंमत म्हणून तो शब्द वापरला, तर तात्याने त्याला अर्धा दिवस फाटकाबाहेर उन्हात बसवला होता.

भूपाल स्वतः त्या शब्दामुळे जिवंत होता. नऊ वर्षांपूर्वी क्रेनला टांगलेल्या लॅडलचा, म्हणजे पातळ लोखंडाने भरलेल्या त्या मोठ्या बादलीचा, आकडा निसटला होता. भूपाल खाली उभा राहून वहीत काहीतरी टिपत होता. तात्याचा आवाज आला आणि वही, पेन, चष्मा सगळं टाकून भूपाल मागे उडाला. तो उभा होता तिथली फरशी नंतर फोडून काढावी लागली.

अशा या फौंड्रीत 'संवादसेतू' आला. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की, माल घ्यायचा तर कारखान्यातलं बोलणंचालणं सन्मानाचं असलं पाहिजे आणि तसं प्रमाणपत्र दाखवलं पाहिजे. धाकट्या मालकांनी सुरुवातीला भिंतींवर पाट्या लावून बघितल्या. पाटी वाचून तात्या जे बोलला ते पाटीवर लिहिलेल्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध होतं. मग पुण्याच्या एका कंपनीचं यंत्र आणायचं ठरलं.

यंत्र म्हणजे दिसायला साधे कानझाप. आवाजापासून बचाव म्हणून भट्टीवर ते सगळे आधीपासूनच घालत होते, फक्त हे नवे होते. कंपनीकडून अनघा रिसबूड नावाची तिशीतली अभियंता आली होती. कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून तिने नीट समजावून सांगितलं, पोपटपंची केली नाही.

"आपल्या बोलण्यात तीन धागे असतात," ती म्हणाली. "एक अर्थाचा. दुसरा गळ्याचा, म्हणजे आवाज कुणाचा आहे ते सांगणारा. आणि तिसरा मनःस्थितीचा, राग, घाई, वैताग, जे असेल ते. आपल्या कानाला तिन्ही एकदम ऐकू येतात. हे यंत्र ते उसवतं. अर्थ ठेवतं, गळा ठेवतं, आणि तिसरा धागा बदलून पुन्हा विणतं. पाव सेकंदात. तुम्हाला माणूस तोच ऐकू येतो, पण शांत."

बाहेरचा मूळ आवाज कानापर्यंत येतच नाही, हेही तिने सांगितलं. येणाऱ्या लाटेवर यंत्र बरोबर उलटी लाट सोडतं आणि दोन्ही मिळून शून्य होतात. उरतं ते फक्त यंत्राने विणलेलं बोलणं. कानामागे एक बारीक बटण असतं, ते ऐकणाऱ्याची नाडी मोजतं. लाखो संभाषणं आणि लाखो नाड्या ताडून बघत यंत्र शिकत गेलं होतं, आणि शिकताना त्याच्यापुढे ध्येय एकच ठेवलेलं होतं: ऐकणाऱ्याची नाडी उसळता कामा नये. कारण बोलणी खाल्लेल्या माणसाच्या हातून पुढच्या वीस मिनिटांत दुप्पट चुका होतात, असं त्यांच्या कंपनीला आढळलं होतं.

केरबातात्याने हात वर केला. "बाई, आन् नाडी उसळायलाच पायजे असली तर?"

सगळे हसले. अनघा हसली नाही. "चांगला प्रश्न आहे. त्यासाठी राखीव शब्द आहेत. धोक्याच्या वेळी तुम्ही जे ओरडता ते. त्या शब्दांना यंत्र हात लावत नाही, उलट दुप्पट मोठ्याने कानात सोडतं. मात्र ती यादी तुम्ही द्यायची. प्रत्येक कारखान्याची वेगळी असते."

यादी द्यायचं काम भूपालकडे आलं. सुपरवायझर तो, शिकलेला तो. केबिनमध्ये अनघाने त्याच्यापुढे छापील फॉर्म ठेवला. वर कारखान्याचं नाव, खाली दहा रकाने, त्याखाली सहीची जागा.

"जे खरोखर ओरडतात तेच लिहा हं, मगदूम. पुस्तकातलं नको. एका ठिकाणी माणसं नुसती 'हुर्र' करतात, तेही आम्ही घातलंय."

भूपालने थांबा लिहिलं. आग लिहिलं. धोका, सावधान, पळा, बाजूला, खाली वाका, बंद करा असे आठ शब्द सुवाच्य अक्षरात लिहिले. नवव्या रकान्यापाशी पेन थबकलं. शब्द त्याच्या डोक्यात होता, दुसरं काही नव्हतंच. पण समोर बाई बसलेली, नीटनेटकी, पुण्याची. ती यादी वाचून खात्री करून घेणार, तो शब्द तिच्या तोंडून निघणार, मग ती विचारणार की याचा अर्थ नेमका काय धरायचा. पुढे हा कागद धाकट्या मालकांकडे जाणार, परदेशी गिऱ्हाइकाकडे जाणार, आणि त्याखाली सही भूपाल आदगोंडा मगदूम याची. त्याच्या कानशिलांना घाम आला.

"अजून काही?" अनघाने विचारलं.

"नाही."

"नक्की? प्रमाणपत्राची अट आहे, एकदा यादी बंद झाली की वर्षभर उघडता येत नाही."

"नाही, एवढेच," भूपाल म्हणाला आणि सही केली.

बाहेर तात्या तंबाखू मळत उभा होता. "आपला शबूद घातलास न्हवं?"

"सगळं घातलंय, तात्या."

खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. दोन दिवसांनी फोन करून अनघाला तेवढं सांगून टाकू, असं त्याने मनाशी म्हटलं. फोनवर तर ते आणखीच अवघड होतं. आठवडा गेला, यादी बंद झाली, आणि भूपालने तो विषय डोक्यातून काढून टाकला. काही गोष्टी डोक्यातून काढून टाकायला त्याला फार प्रयास पडत नसत.

पहिल्या दिवशी कानझाप चढवून तो भट्टीच्या पायऱ्या चढला तेव्हा तात्या हातवारे करत त्याच्या अंगावर आला. तोंड उघडलं ते नेहमीसारखंच, मानेच्या शिरा फुगलेल्या. कानात मात्र तात्याच्याच खरखरीत गळ्यातून शब्द आले, "भूपालसाहेब, मॅग्नेशियमचं प्रमाण आपण एकदा पुन्हा तपासू या का?"

भूपाल क्षणभर बघतच राहिला. मग त्याला हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर जे उरलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं. बावीस वर्षांत तात्याने त्याला भूपाल्या म्हटलं होतं, डिप्लोमा म्हटलं होतं, न छापण्यासारखं बरंच म्हटलं होतं. साहेब कधी म्हटलं नव्हतं. आपण शिकलेले आहोत, हुद्द्याने वर आहोत, आणि तरी हा माणूस आपल्याला चार माणसांत झाडतो, हे शल्य त्याच्या मनात कुठेतरी होतंच. यंत्राने ते अलगद काढलं. त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून तो तात्याशी पाचसहा वेळा बोलून आला.

कामगारांनी यंत्राचं नाव गूळकान ठेवलं. महिनाभर त्यावरून थट्टा चालली, एकमेकांना मुद्दाम भलतंसलतं बोलून कानात काय येतं ते ऐकायचं. पुढे सवय झाली. भांडणं कमी झाली, रजा कमी झाल्या, खराब निघणारा माल निम्म्यावर आला. प्रमाणपत्र फ्रेम करून फाटकाशी लागलं. यंत्र बोगस होतं असं म्हणायची सोय नाही. जे करायला सांगितलं होतं ते ते चोख करत होतं.

एकट्या तात्याचं काहीतरी बिनसलं होतं. चहाच्या सुट्टीत कानझाप काढून तो भूपालशेजारी येऊन बसायचा आणि विचित्र प्रश्न विचारायचा.

"सकाळी तू माज्यावर चिडला हुतास का रं?"

"चिडलो होतो की. लॅडल तापवायला उशीर केलासा तुम्ही."

"मला कळलंच न्हाई, मर्दा. मला वाटलं, हवापाण्याचं बोलालाईस." तात्या बशीत चहा ओतत म्हणाला. "तुजं समदं आता सारखंच लागतंय. शाबासकी बी तसलीच आन् तक्रार बी तसलीच. कुटल्याला किती भ्याचं, ह्येच समजंना झालंय."

"भ्यायचं कशाला, तात्या? शांतपणे ऐकायचं आणि काम करायचं."

"व्हय," तात्या म्हणाला. "तसंच करतो आता. तू बोलतोस, मी हात वर करतो, हातातलं काम उरकतो, मग तुज्याकडं बघतो. दरवेळी दचकून काय करायचं?"

भूपालला हे समंजसपणाचं वाटलं. खरंच, त्याने तशी मानही डोलावली.

पाच महिने तो राखीव शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारायचं कारणच पडलं नाही. थट्टेत तो वापरायचा नाही हा तात्याचा दंडक इतका अंगवळणी पडलेला, की गूळकानाची मजा बघायलाही कुणी तो शब्द काढून बघितला नाही. काढला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सगळे खुशाल धरून चालले होते की यादीत आपला शब्द आहे, सुपरवायझरने घातलाय.

तो मंगळवार होता, सकाळचे पावणेबारा होत आलेले. भट्टीत लोखंड वितळलेलं होतं आणि तात्या वरून भंगार आत सारत होता. भंगार गाड्यांचं होतं, आणि गाड्यांच्या भंगारात एका गोष्टीची सगळ्या फौंड्रीवाल्यांना धास्ती असते, ती म्हणजे शॉकअब्सॉर्बर. दोन्हीकडून बंद असलेली नळी, आत तेल. ती पातळ लोखंडात गेली की आतल्या तेलाची क्षणात वाफ होते, वाफेला वाट नसते, आणि मग नळी बॉम्बसारखी फुटते. म्हणून भंगार आधी निवडून घेतात. त्या दिवशी निवडणाऱ्याच्या नजरेतून एक सुटली.

भूपाल समोरच्या कठड्यापाशी, पंधरावीस पावलांवर उभा होता. तात्याच्या लोखंडी दांड्यापुढे पत्र्यांची मोळी भट्टीच्या काठावर आली होती आणि त्या मोळीतून ती नळी डोकावत होती. तात्याच्या बाजूने ती दिसणं शक्य नव्हतं. भूपालला दिसली.

आणि भूपाल मगदूम ओरडला. थांबा नाही, सावधान नाही, स्वतःच्या हाताने सुवाच्य लिहिलेल्या आठ शब्दांपैकी एकही त्याच्या तोंडात आला नाही. बेचाळीस वर्षांत जो शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता तो त्याच्या पोटातून आपणहून निघाला. "ए भाड्याऽऽऽ!" त्याचा घसा सोलवटला. दोनदा ओरडला.

यंत्राने पाव सेकंदात धागे उसवले. अर्थ: एका माणसाची दुसऱ्याला हाक, अपशब्दासह. गळा: मगदूम. मनःस्थिती: अत्यंत तीव्र, ऐकणाऱ्याला त्रासदायक. शब्द राखीव यादीत नव्हता. तिसरा धागा बदलून यंत्राने बोलणं पुन्हा विणलं आणि तात्याच्या कानात सोडलं. "अहो तात्या, जरा इकडे बघता का?"

तात्याने डावा हात वर केला, आलो, अशा अर्थाने. उजव्या हाताने दांडा रेटून मोळी आत सारली, काम उरकलं. मग साहेब बोलावतोय म्हणून तोंडावरची जाळी वर केली आणि भट्टीच्या काठावर उभ्याउभ्या भूपालकडे चेहरा वळवला.

भूपालने तो चेहरा बघितला. तात्याच्या चेहऱ्यावर 'काय म्हणतोस?' असा साधा प्रश्न होता.

केरबा कुंभार वाचला. दोन्ही डोळे गेले.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. टेबलामागे धाकटे मालक होते, कारखाना निरीक्षक होते, आणि कोपऱ्यात अनघा रिसबूड. तिच्यापुढे यंत्राची नोंद होती, तिची एक प्रत भूपालपुढे ठेवली होती. अकरा बेचाळीस. वक्ता, मगदूम. 'अहो तात्या, जरा इकडे बघता का?' पुन्हा तेच. श्रोता, कुंभार. नाडी अठ्ठ्याहत्तर.

"मगदूम," अनघा म्हणाली. ती बरीच वाळली होती. "मूळ आवाज यंत्र साठवत नाही. कायद्याने साठवता येत नाही. त्यामुळे इथे फक्त यंत्राने काय ऐकवलं ते आहे. तुम्ही खरं काय ओरडलात ते तुम्हालाच माहीत. दुसरं काही असेल तर सांगा. कसलाही शब्द असो. चाळीस कारखान्यांत हे कानझाप घातलेली माणसं आज कामावर आहेत."

भूपालने तोंड उघडलं. सांगायचं ठरवूनच तो आला होता. रात्रभर त्याने ते वाक्य घोळवलं होतं. पण तो शब्द सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तो यादीत का नाही? आणि यादीचा कागद अनघाच्या फायलीत होता, त्याच्या सहीचा. आणि समोर तीन माणसं, त्यांतली एक बाई, आणि टेबलावर ध्वनिमुद्रण चालू. त्याच्या कानशिलांना पुन्हा तसाच घाम आला.

"हेच म्हणालो," तो म्हणाला.

"हेच? ह्याच शब्दांत?"

"असंच काहीतरी. हो."

"समोर स्फोट होणार हे दिसत असताना?" अनघाचा आवाज चढला. तिच्या कानांवर झाप नव्हते, आणि भूपालच्याही.

"मॅडम, त्यांनी सांगितलं ना," धाकटे मालक मधे पडले. "आमच्याकडे बोलण्याची शिस्त आहे. त्यासाठीच तर तुमचं यंत्र घेतलं."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. अहवालात शेवटी असं आलं की पर्यवेक्षकाने सूचना दिली होती, सूचना कामगारापर्यंत पोचली होती, कामगाराने हात वर करून ती मिळाल्याचं दर्शवलं होतं, आणि तरीही त्याने काम चालू ठेवलं व तोंडावरची जाळी स्वतः वर केली. दोष केरबा ज्योती कुंभार याचा. भूपालने तीन प्रतींवर सही केली. अनघा सही न करता उठून गेली, तिच्या सहीवाचून अहवाल अडला नाही. बाकीच्या चाळीस कारखान्यांतली यंत्रं चालूच राहिली.

घरी येऊन भूपाल जेवला. जेवता आलं, याचीच त्याला भीती वाटली. आपण काय केलं हे त्याला समजत नव्हतं असं नाही, पुरेपूर समजत होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. जगाला काय वाटायचं ते वाटो, तात्याला कळलं पाहिजे की भूपाल ओरडला होता. कठड्यापाशी उभा राहून, तात्या जळताना बघत, तो 'जरा बघता का' म्हणाला नव्हता. एवढं एक तात्याने मानलं तर बाकीचं सोसता येईल, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तात्या दवाखान्यातून घरी आल्यावर दहाव्या दिवशी तो त्याच्या गावी गेला.

दुपारची वेळ होती. तात्या सोप्यात खुर्चीवर बसला होता, काळा चष्मा, कपाळावर आणि गालांवर गुलाबी कातडी. त्याची बायको, सुंदराकाकी, उंबऱ्यात शेंगा फोडत होती. शेजारच्या अंगणात दोघीतिघी बायका पापड वाळत घालत बसल्या होत्या.

"कोन हाय?"

"मी भूपाल, तात्या."

तात्याने मान वळवली. भूपालच्या मनाने घेतलं होतं की आता शिव्यांचा भडिमार होणार, आणि तो होऊ दे, असं त्याला फार वाटत होतं. तसं काही झालं नाही.

"बस. सारिकानं कागुद वाचून दाखिवला," तात्या म्हणाला. सारिका त्याची मुलगी. "माजी चूक हाय म्हणं."

"तुमची नाही, तात्या. तो कागद खोटा आहे. मी ओरडलो होतो. आपला शब्द ओरडलो होतो, दोनदा. यंत्राने बदलला."

"आपला शबूद कसा बदलंल? त्यो राखीव न्हवं?"

मग भूपालने सगळं सांगितलं. फॉर्म, नववा रकाना, पुण्याची बाई, न केलेला फोन, चौकशीतलं उत्तर. एकही गोष्ट लपवली नाही. शेंगा फुटण्याचा आवाज मधेच थांबला होता. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

"यादीत घातलाच न्हवतास," तात्या म्हणाला.

"नाही."

"आन् मला घातला म्हणालास."

"होय, तात्या."

"लाजलास."

"होय."

तात्याची बोटं खुर्चीच्या हातावर फिरत होती. "मानसाकडनं हुतंय," तो शेवटी म्हणाला. "न्हाई तिथं लाजतंय मानूस. माजं डोळं गेलं, ते काय आता तू वरडून यायचं न्हाईत. पर मला एक सांग, भूपाल्या. खरं सांग. दवाखान्यात पडल्यापडल्या मला त्येच खातंय. मी तुला पोरासारखं काम शिकिवलं. त्या टायमाला, मला मराय निघालेलं बघून, तुज्या तोंडातनं त्यो शबूद निघाला हुता का?"

"निघाला होता. आईशप्पथ निघाला होता."

"मग वरड."

"काय?"

"आत्ता वरड. हितं. माज्या कानावर काय न्हाई बघ." तात्याने दोन्ही हातांनी स्वतःचे कान दाखवले. त्याचा चेहरा एकदम उत्सुक झाला होता, लॅडलचा रंग बघायला वाकायचा तेव्हा व्हायचा तसा. "एकडाव वरड. आवाजावरनं मला कळंल. तेवढं ऐकलं की माजं मिटलं."

भूपाल उठून उभा राहिला. उंबऱ्यात सुंदराकाकी त्याच्याकडेच बघत होती, ओच्यात शेंगांची टरफलं. शेजारच्या अंगणातल्या बायका पापड सोडून इकडे बघायला लागल्या होत्या. रस्त्यावरून एक मास्तर सायकल हातात धरून चालले होते, ते ओळखीचं हसले. भूपालने छाती भरून श्वास घेतला. शब्द होता. तोच एक होता. त्याने तोंड उघडलं आणि काही आलं नाही. त्याने घसा खाकरला, खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, पुन्हा उघडलं.

"भाड्या," तो म्हणाला. हजेरीपटावरचं नाव वाचावं तसं म्हणाला. सुंदराकाकीने मान खाली घातली.

तात्या तसाच कान देऊन बसला होता, मान किंचित तिरकी करून. आणखी काही येतंय का याची तो वाट बघत होता. बराच वेळ वाट बघून तो मागे टेकला आणि चेहऱ्यावरची ती उत्सुकता गेली.

"म्हंजे यंत्रानं काय खोटं लिव्हलेलं न्हाई," तो बायकोला म्हणाला. "सायबास्नी च्या दे."